आवक-जावक वहीतली घार

रस्त्यावर पडलेली जखमी घार कुणी खोक्यात घालून घरी आणली, तर कायद्याच्या लेखी त्याच्या घरात सरकारी मालमत्ता आलेली असते. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 चं 39वं कलम सांगतं, की अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने हाती आली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवा. कॉलेजात जाणाऱ्या स्वयंसेवकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. इथे पक्षी तडफडतोय आणि काका कलमं काढतायत! पण ज्या माणसाने ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात किंवा बँकेच्या काउंटरमागे उभी हयात काढली, त्याला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्याचे प्रश्न लगेच सुरू होतात. नोंद कुठे केली? पोच घेतली का? पुढे काय झालं ते कुणी कळवलं?

असे प्रश्न विचारणारी माणसं आपल्याकडच्या पक्षी-बचावाच्या कामात फार थोडी आहेत. झाडावर चढणारे आहेत, रात्री दोन वाजता मोटारसायकल काढणारे आहेत, जखमी घुबडासोबत फोटो काढून घेणारे तर हवे तेवढे आहेत. वही लिहिणारा मात्र शोधावा लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत दरवर्षी जी मंडळी अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, त्यांनी या कामात यावं असं मला वाटतं, आणि ते या वहीसाठी. उतारवयातली भूतदया, पुण्यसंचय, वेळ जावा म्हणून एखादा छंद, ही कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. काही वेळा तर तीच कारणं पक्ष्यांच्या मुळावर येतात.

आधी या भागातल्या निवृत्तीविषयी. इथल्या नोकरदाराने आपलं गाव दिवसाउजेडी पाहिलेलंच नसतं. पहाटेची बदलापूर लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, परतीच्या गर्दीत उभ्याने यायचं आणि घरी पोचेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागलेले. रविवार म्हणजे झोप, किराणा आणि लग्नकार्य. कोंडेश्वरला पावसाळ्यात धबधबा असतो हे ऐकून माहीत, बारवी धरणाचं पाणी नळाला येतं हे बिलावरून माहीत. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं ज्या गावाच्या पत्त्यावर काढली, त्या गावाची दुपार कशी असते हे अशा माणसाला निवृत्तीनंतर पहिल्यांदा कळतं. मला तरी तसंच कळलं. दुपारी बाराच्या उन्हात घारी किती उंच जातात, शाळा सुटायच्या सुमाराला साळुंक्या कुठे जमतात, वालधुनीच्या पाण्याचा रंग कोणत्या वारी बदलतो, हे सगळं बघायला डोळे होतेच. तिथे असणं जमत नव्हतं.

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की वीस-पंचवीस मिनिटांत ती तीन वेगळ्या जगांतून जाते. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या बराकींतून उभं राहिलेलं शहर. 1949 साली त्याला हे नाव मिळालं आणि आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. भिंतीला भिंत लागलेली वस्ती, कारखाने, बाजार, तारांचं जाळं. इथे पक्षी म्हणजे घार, कावळा, पारवा, पोपट, आणि रात्री पिंगळा नाहीतर गव्हाणी घुबड. पुढे अंबरनाथ. शके 982, म्हणजे 1060 साली बांधलेलं शिवालय, त्याला लागून वाहणारी वालधुनी, काकोळ्याचं जीआयपी धरण, चिखलोलीचं धरण, आणि या सगळ्याच्या मधोमध एमआयडीसी. मग बदलापूर: उल्हास नदी, बारवीचं जंगल, माथेरान-मलंगगडाच्या रांगा आणि जांभळांची झाडं. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 98 हजारांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. त्यानंतर किती वाढली असेल याचा अंदाज फलाटावर सकाळी साडेसातला उभं राहिलं की येतो. ही वाढ शेतात, माळावर आणि जंगलाच्या कडेला झाली. म्हणून उल्हासनगरमधला फोन बहुतेक वेळा मांजात अडकलेल्या घारीचा असतो आणि बदलापूरचा फोन काचेवर आपटलेल्या नवरंगाचा, सोसायटीच्या आवारात आलेल्या सापाचा, कधी बिबट्या दिसल्याच्या अफवेचा. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत बिबट्या खरोखरच शिरला होता आणि त्याने माणसंही जखमी केली होती. तेव्हापासून प्रत्येक मोठं मांजर इथे बिबट्या असतं.

आता मूळ प्रश्न. एक घार वाचवल्याने नेमकं काय होतं? पक्षीशास्त्राला विचारलं तर उत्तर बोचणारं आहे: फारसं काही नाही. घारी मुबलक आहेत. एक मेली काय, उडाली काय, घारींच्या एकूण संख्येला फरक पडत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023 च्या अहवालात 942 जातींचा आढावा आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल मोजता आला, त्यांतल्या 60 टक्के जाती घटल्या आहेत. ही घट एकेका पक्ष्याला मलमपट्टी करून थांबणारी नाही. गवताळ माळ गेले, पाणथळ जागा बुजल्या, कीटकनाशकं वाढली, म्हणून पक्षी गेले. गिधाडांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गिधाडांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतं हे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आजारी गिधाडं उचलून आणणाऱ्यांनी ती बंदी आणली नाही. मेलेल्या गिधाडांची तपासणी करून, नोंदी जुळवून, कारण शोधणाऱ्यांनी आणली.

म्हणून संवर्धन करणारे काही जाणकार बचाव करणाऱ्यांकडे जरा वरूनच बघतात. त्यांचं म्हणणं, की पक्षी वाचवणं ही तुमची हौस झाली, संवर्धन त्याच्या पलीकडे आहे. मला हे अर्धंच पटतं. जखमी पक्षी उचलणं हे संवर्धन नाही, कबूल. पण प्रत्येक जखमी पक्षी कुठे, कधी आणि कशाने जखमी झाला हे लिहून ठेवलं, अशी शंभर पानं जमली आणि ती घेऊन कुणी महापालिकेच्या दारात बसलं, तर ते संवर्धनच आहे. जखमी पक्षी हा आपल्या शहराविरुद्धचा पुरावा असतो. तो बरा करून उडवून दिला आणि नोंद केली नाही, तर पुरावाही त्याच्याबरोबर उडून गेला.

अशी एक वही मी पाहिली आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कडांची, कचेरीत आवक-जावकला असते तसली. तिच्या पानांवर आठ रकाने पट्टीने आखलेले: तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, इजा, कळवणाऱ्याचं नाव, कुठे पाठवला, पुढे काय झालं. लिहिणारे गृहस्थ कारखान्यात सेफ्टी विभागात होते. अपघात झाला की जखमीला दवाखान्यात पाठवून काम संपत नाही, यंत्राचं कोणतं गार्ड उघडं होतं ते लिहावं लागतं, ही तिथली शिस्त. तीच त्यांनी पक्ष्यांना लावली आहे. ‘घार, डावा पंख, नायलॉन मांजा’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. ‘पिंपळ, शाळेच्या मागची बाजू, उंची सुमारे तीन मजले, याच झाडावर आधी एक पारवा’ असं लिहितात. वही उलटसुलट चाळली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मांजाच्या नोंदी जानेवारीत दाटीने आहेत, पण त्या फेब्रुवारीत संपत नाहीत. मार्चमध्ये आहेत, मे महिन्यात आहेत, पाऊस लागल्यावरही तुरळक आहेत.

यातलं कारण समजायला विद्वत्ता लागत नाही. सुती दोरा कुजतो, नायलॉन कुजत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदीची अंमलबजावणी मात्र संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात होते. पोलीस दोन-चार दुकानांवर छापे घालतात, फिरक्यांच्या ढिगाऱ्यासमोर फोटो निघतो, सण संपतो. झाडांवर, विजेच्या तारांत, मोबाइलच्या टॉवरवर लोंबणारा मांजा तिथेच राहतो आणि महिनोन्‌महिने आपलं काम करत राहतो. दिवसा घारी आणि बगळे, रात्री घुबडं आणि वटवाघळं. अंधारात उडणाऱ्याला तर तो दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी हेल्पलाइन चालवणं जेवढं गरजेचं, तेवढंच फेब्रुवारीत झाडांवरचा मांजा उतरवणं गरजेचं आहे. हे काम पालिकेच्या उद्यान विभागाचं, अग्निशमन दलाचं, वीज कंपनीचं. त्यांना कुणीतरी पत्र द्यायला हवं, पत्राची पोच घ्यायला हवी, पंधरा दिवसांनी पुन्हा जायला हवं. कोणत्या झाडांवर काम करायचं हे वहीत आहेच. नोकरी करणारा पोरगा हे पाठपुराव्याचं काम करू शकत नाही, त्याला रजा मिळत नाही. निवृत्त माणसाला साहेब ‘उद्या या’ म्हणाले, तर तो उद्या जातो. परवाही जातो. माहितीच्या अधिकारात अर्ज कसा लिहायचा हे त्याला माहीत असतं, कारण नोकरीत त्यानेच असल्या अर्जांना उत्तरं दिलेली असतात. साहेबाच्या टेबलावरून फाइल कुठे जाते आणि कुठे झोपते हेही त्याला ठाऊक असतं.

मांजात अडकलेला पक्षी जवळून पाहिला की या कंटाळवाण्या पत्रव्यवहाराचं मोल कळतं. पक्ष्याचा खांदा आणि मनगट यांच्या मध्ये कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. पंख उघडला की तो दिसतो, एरवी पिसांखाली झाकलेला. मांजा नेमका तिथे रुततो, आणि पक्षी जितका धडपडतो तितका खोल जातो. बघणाऱ्याचा हात पहिल्यांदा दोरा ओढायला जातो. तोच चुकीचा. रुतलेला दोरा ओढायचा नाही. दोन्ही बाजूंची लांब टोकं कापायची, जखमेतला तुकडा तसाच ठेवायचा आणि तो काढण्याचं काम पशुवैद्यावर सोडायचं. डोळ्यांवर फडकं टाकलं की घार शांत होते. पंख अंगाशी घेऊन तिला हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, खोकं अंधाऱ्या, निवांत जागी ठेवायचं आणि 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. वाट बघायची. सगळ्यांत अवघड ती वाट बघणंच, कारण घरातल्या प्रत्येकाला खोकं उघडून बघायचं असतं.

दयेविषयी मला जे म्हणायचं आहे ते इथेच येतं. पक्षी घरी आला की घरातली पहिली वाटी पाण्याची, दुसरी दुधाची. जखमी पक्ष्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी सोडणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि मांजातून वाचलेला पक्षी मायेने मरतो. दूध तर त्याला पचतच नाही. मे-जूनमधली गोष्ट आणखी वेगळी. झाडाखाली फुदकणारं बुलबुलाचं किंवा दयाळाचं पिल्लू लोक ‘बिचारं पडलंय’ म्हणून उचलून आणतात. ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप जवळच्या फांदीवर चोचीत अळी घेऊन तुमच्या जाण्याची वाट बघत असतात. कोकिळेच्या पिल्लाला कावळ्यांच्या तावडीतून सोडवणारे पराक्रमी तर दर पावसाळ्यात भेटतात. वाढवायला घेतलेलं पिल्लू माणसाला चिकटतं, माणसालाच आपलं कूळ समजतं आणि मग मोकळं सोडलं तरी जगत नाही. नातवंडांना गंमत वाटते, आजोबांचा वेळ जातो, पिल्लाचं आयुष्य जातं. पोपटाचं तेच. पिंजऱ्यातला कंठवाला पोपट हा कायद्याने गुन्हा आहे हे आजही कित्येक घरांत ठाऊक नाही, आणि ज्या घरांत ठाऊक आहे तिथे ‘आमचा मिठू घरच्यासारखा आहे’ असं उत्तर मिळतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे घडलं ते या बाबतीत डोळे उघडणारं होतं. महापालिकेने ताडपत्री घालून तो बंद केला आणि जमावाने ती ताडपत्री फाडली. कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांत ज्येष्ठ नागरिक बरेच असतात आणि दिवसातलं ते एकच काम त्यांना कुणी अडवू नये असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांनी होणारा फुप्फुसांचा आजार त्यांच्याच वयाच्या माणसांना जास्त भोवतो. शिवाय आयत्या दाण्यांवर बेसुमार वाढलेली कबुतरं इमारतींच्या खोबणी आणि कपारी बळकावून बसतात. तो पक्ष्यांवरचा उपकार नाही. दिल्लीतलं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. चांदणी चौकातलं जैन धर्मार्थ पक्षी रुग्णालय मांसाहारी पक्ष्यांना शाकाहारी पक्ष्यांच्या बरोबरीने दाखल करून घेत नाही. तिथून जखमी घार घेऊन परतलेल्या दोन भावांनी वझिराबादला आपल्याच तळघरात घारींवर उपचार सुरू केले; 2022 मध्ये त्यांच्यावर आलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आपल्याकडचंही मन तसंच निवडक आहे. पोपटासाठी धावणारे दहा, घुबड म्हटलं की अपशकुन म्हणून दार लावणारे वीस. घार तर कुणाचीच नाही; ती आहे फक्त कायद्याने सरकारची, म्हणून मला ते रुक्ष कलम आवडतं. त्याला पक्ष्याची जात, रंग, शकुन-अपशकुन काही दिसत नाही.

तर निवृत्त माणसाने काय करावं आणि काय करू नये? झाडावर चढू नये, हे सांगायला नकोच, तरी सांगतो, कारण साठीत आल्यावर आपण अजून तिशीत आहोत हे सिद्ध करण्याची एक विचित्र ऊर्मी पुरुषांना येते. सापाच्या वाटेला जाऊ नये. आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्याआधी जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्येही. हातमोजे, मास्क, साबण, एवढं झालं की पुढचं काम फोनवरचं आणि टेबलावरचं. फोन करणाऱ्याला दहा मिनिटं धीर देऊन बोलतं ठेवणं, पिल्लू परत झाडाखाली ठेवायला लावणं, रिक्षावाल्याला समजावून खोकं ठाण्यापर्यंत नाहीतर परळच्या बैलघोड्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणं. आणि वहीतला आठवा रकाना. बहुतेक संस्थांच्या नोंदींत तोच रिकामा असतो. पक्षी पोचवला की तरुण मंडळी पुढच्या फोनवर निघतात. तो जगला का, कधी सोडला, कुठे सोडला, हे विचारायला कुणी मागे उरत नाही. मेला असेल तर तसं लिहिण्याचंही धाडस लागतं. जे पक्षी मरतात त्यांची नोंद नसल्यामुळे आपण सगळे पक्षी वाचवतो असा बचाव करणाऱ्यांचा समज होतो.

मेलेल्या पक्ष्याच्या नोंदीतून काय उभं राहू शकतं याची आपल्याकडे एक फार मोठी गोष्ट आहे. सालिम अली या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवण्यात आलं. तिथल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या पोराला हाकललं नाही. चिमणीची ओळख पटवून दिली, संग्रहातल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. मिलार्ड हे सोसायटीचे मानद सचिव होते. पोटापाण्यासाठी ते मद्याच्या व्यापारात होते. पक्ष्यांचं काम बिनपगारी. भारतीय पक्षीशास्त्राचा पाया घालणारा माणूस एका स्वयंसेवकाने दिलेल्या वेळातून घडला. पुढे सालिम अलींनी निवृत्ती हा प्रकार मानलाच नाही. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचं आत्मचरित्र 1985 मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आलं. मारुती चितमपल्ली 1990 मध्ये वन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ त्यानंतरचा. पक्ष्यांची गावोगावची नावं गोळा करून कोश रचणं हे बैठं, चिकाटीचं काम आहे; नोकरी संपल्यावर त्याला वेळ मिळाला. 5 नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा 2020 पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. एका निवृत्त वनाधिकाऱ्याच्या आणि एका कधीच निवृत्त न झालेल्या माणसाच्या नावाने असलेला हा आठवडा आमच्याकडे शाळांच्या चित्रकला स्पर्धांत संपून जातो.

हौशी माणसाच्या नोंदीला शास्त्रात किंमत नसते असं कुणाला वाटत असेल, तर रानपिंगळ्याकडे बघावं. हे घुबड 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. 1997 मध्ये ते नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. आणि 2014 मध्ये ते आपल्या तानसा अभयारण्यात असल्याची नोंद झाली, ती एका पक्षीनिरीक्षकाच्या नजरेमुळे. वर ज्या 2023 च्या अहवालाचा उल्लेख केला, तो 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात नोकरी म्हणून पक्षी बघणारे फार थोडे. चिखलोलीच्या काठावर दर मंगळवारी सकाळी सातला जाऊन जे दिसेल ते लिहिणारा एक निवृत्त शिक्षक दहा वर्षांत जे जमवील, ते एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन हंगामांत जमणार नाही. अट एकच: जागा तीच, वार तोच, आणि काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिहायचं. नोंदीचा अर्थ लावताना सावध राहायचं हेही आलं. शेकाट्या सांडपाण्याच्या कडेनेही मजेत चरतो. त्याचे थवे वाढले म्हणून वालधुनी सुधारली असं कुणी छापू नये.

वालधुनीचं नाव निघालंच आहे. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात एका टँकरने रात्री या नदीत रसायन सोडलं आणि शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात गेली. माणसांची मोजदाद झाली. त्या पहाटे नदीकाठी किती पक्षी, बेडूक, साप होते, हे कुणाला विचारताही आलं नाही, कारण आदल्या दिवशी तिथे काय होतं याचीच नोंद नव्हती. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ ही संस्था हरित लवादात गेली, 2015 मध्ये कोट्यवधींच्या दंडाचा आदेश झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. अशा लढाईत वकिलाला कागद लागतात. भावना नाही, कागद.

या सगळ्यावर एक आक्षेप मला स्वतःला सारखा टोचतो. वन विभागात माणसं भरायची सोडून पेन्शनरांकडून फुकट कामं करून घ्यायची, हा सरकारला हवाहवासा मार्ग आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, पुण्यात बावधनला आहे. आमच्या जखमी पक्ष्याने लोकलच्या गर्दीतून किंवा शीळ फाट्याच्या कोंडीतून का जायचं? स्वयंसेवकाने सरकारचं काम करू नये, सरकारला ते करायला लावावं. ही रेघ धूसर झाली की आपण सेवा करतो आहोत या समाधानात वर्षं जातात आणि उपचार केंद्र कधी मागितलंच जात नाही.

दुसरी गोष्ट, ‘निवृत्तीनंतर निसर्गसेवा’ हे वाक्य ज्यांना पेन्शन आहे त्यांच्याच तोंडी शोभतं. मोहने-आंबिवलीची एनआरसी ही कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं रखडली. ईपीएस-95 या योजनेची किमान पेन्शन महिना 1000 रुपये आहे. एमआयडीसीतला ठेकेदाराकडचा कामगार साठीनंतर वॉचमन होतो. त्याला कसला आलाय पक्षी सप्ताह? आणि बाईला तर निवृत्तीच नाही. नवरा निवृत्त झाला की तिचं काम वाढतं: दुपारचा चहा, त्याचे मित्र, वर नातवंडं. आमच्या भागातल्या पक्षी-गटांत साठीपुढचे पुरुष दिसतात आणि त्यांच्या बायका दिसत नाहीत, याचं कारण पक्ष्यांची आवड कमी हे नाही. खरं तर गॅलरीतल्या कुंडीत होल्याने घरटं केलं, अंडी किती, पिल्लं कधी उडाली, याची बिनचूक माहिती त्यांच्याकडेच असते. ती वहीत येत नाही एवढंच. आणि जो वॉचमन रात्रभर जागा असतो, त्याच्याइतकी घुबडांची माहिती तर कुणाकडेच नाही. पेन्शनरांनी हौसेने गट करावेत, पण त्यात या दोघांना बोलवावं, आणि चहा स्वतः करावा.

वन विभागाकडे आणि पालिकांकडे मागायचं काय, ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. कल्याण ते बदलापूर या पट्ट्यासाठी वन विभागाचं एक उपचार केंद्र. दर फेब्रुवारीत तिन्ही पालिकांकडून झाडांवरचा मांजा उतरवण्याची मोहीम, झाडांच्या यादीसह. बचावाच्या नोंदींचा एकच नमुना, सर्व संस्थांसाठी. यांतलं काहीही एका भेटीत होणार नाही, दहा भेटींतही होणार नाही. ज्यांनी आपली थकबाकी, वेतनश्रेणीतली तफावत आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्यांना हे सांगायला नको. तेव्हा पुढच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत सहलीच्या विषयाआधी हा विषय घ्या, आठ रकान्यांची एक वही घाला आणि 1926 हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा.